जीवनसत्त्वांच्या तक्त्यात नसलेला रकाना

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला तो तक्ता आठवत असेलच. चार रकाने: जीवनसत्त्व, ते कशातून मिळतं, त्याचं काम काय, आणि अभावाने होणारा रोग. अ म्हणजे रातांधळेपणा, ब१ म्हणजे बेरीबेरी, क म्हणजे स्कर्व्ही, ड म्हणजे मुडदूस. ‘जोड्या लावा’साठी याहून सोयीचं प्रकरण क्वचितच असेल. पुढे आपण डॉक्टर झालो, इंजिनियर झालो, परदेशात आलो, तरी बहुतेकांचं जीवनसत्त्वांविषयीचं ज्ञान त्या तक्त्याच्या चौकटीतच राहतं. फक्त आता तो तक्ता रक्ततपासणीच्या रिपोर्टवर छापून येतो, आणि उजव्या बाजूला लाल अक्षरात ‘लो’ लिहिलेलं असतं.

पॉडकास्टच्या मागच्या भागात एनएडीबद्दल बोलताना पेलाग्राचा विषय दोन मिनिटांत गुंडाळावा लागला. त्यावर जरा निवांत लिहायचं होतं. एखाद्या पुस्तकाची करतात तशी या तक्त्याची समीक्षा करावी, असा विचार आहे. कारण तक्ता हाही एक मजकूर आहे. तो काही गोष्टी सांगतो, काही गाळतो, आणि त्यातून वाचणाऱ्याच्या मनात रोगाचं एक कारण पक्कं बसवतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: या तक्त्याची जवळजवळ प्रत्येक चौकट बरोबर आहे. पण सगळ्या चौकटी मिळून जी गोष्ट तयार होते ती अपुरी आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत लोकांनी मोजली आहे, आजही मोजताहेत.

उदाहरणासाठी एकच ओळ घेऊ. ब३, म्हणजे नायसिन. अभावाने होणारा रोग: पेलाग्रा.

एका ओळीत किती घोळ

आधी काम काय ते पाहू. नायसिनपासून पेशी एनएडी आणि एनएडीपी हे दोन रेणू बनवतात. एनएडी हा पेशीतला हमाल आहे. अन्नाचं विघटन होताना सुटणारे इलेक्ट्रॉन उचलायचे आणि ऊर्जा तयार होते तिथे नेऊन टाकायचे, हे त्याचं मुख्य काम. शेकडो एन्झाइम्स त्याच्यावर अवलंबून आहेत. तुटलेला डीएनए दुरुस्त करणारी काही एन्झाइम्स तर एनएडी चक्क खर्चून टाकतात. त्यामुळे तो कमी पडला की जिथे पेशी भराभर बदलतात किंवा ऊर्जा खूप लागते तिथे आधी फटका बसतो: त्वचा, आतडी, मेंदू. ऊन लागणाऱ्या जागी त्वचा लाल होते, मग काळवंडून सोलते. गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उठतो. जुलाब लागतात. माणूस चिडचिडा, उदास, मग भ्रमिष्ट होतो. उपचार झाले नाहीत तर मरतो. इंग्रजीत याची चार ‘डी’ अशी घोकंपट्टी आहे.

इथवर तक्ता ठीक चालतो. आता ‘कशातून मिळतं’ हा रकाना बघा. दुधात आणि अंड्यात नायसिन अगदी कमी असतं. रासायनिक मोजणी केली तर मक्यात ते दुधापेक्षा जास्त भरतं. आणि तरीही पेलाग्रा हा मका खाणाऱ्यांचा रोग, आणि दूध-अंडी हा त्यावरचा उतारा!

याचं कारण दुहेरी आहे. मक्यातलं बरंचसं नायसिन दाण्यातल्या मोठ्या रेणूंना जखडलेलं असतं, आपल्या आतड्यांना ते सोडवून घेता येत नाही. दुसरं म्हणजे आपलं शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडं नायसिन स्वतःच बनवतं: साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे १ मिलिग्रॅम. दुधा-अंड्यांच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन भरपूर, मक्याच्या मुख्य प्रथिनात जवळजवळ नाहीच. शिवाय हे रूपांतर नीट व्हायला ब२ आणि ब६ लागतात. म्हणजे एका जीवनसत्त्वाच्या ओळीत एक अमिनो आम्ल आणि आणखी दोन जीवनसत्त्वं घुसली. ‘एक अभाव, एक रोग’ ही तक्त्याची मांडणी इथेच डळमळते. पेलाग्रा झालेला माणूस सहसा फक्त नायसिनला मुकलेला नसतो. त्याच्या ताटातून बऱ्याच गोष्टी एकदम गायब झालेल्या असतात.

आणि जखडलेलं नायसिन सोडवायचं कसं, हे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या बायकांना हजारो वर्षांपासून ठाऊक होतं. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, भिजत ठेवतात, धुतात, मग वाटून त्याच्या पोळ्या करतात. चुन्याने नायसिन मोकळं होतं. कोलंबसानंतर युरोपीय लोकांनी मक्याचं बियाणं नेलं, ही कृती नेली नाही. १७३५ मध्ये स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने गरीब शेतकऱ्यांत हा रोग टिपला. ‘पेलाग्रा’ हे नाव इटलीतलं, खरखरीत त्वचा अशा अर्थाचं. पीक घेतलं आणि पाककृती मागे ठेवली, याची शिक्षा दोन शतकं गरिबांनी भोगली. तक्त्यात मात्र पाककृतीला रकाना नाही.

कापसाच्या मुलखातली गोष्ट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रोग अमेरिकेच्या दक्षिणेत उफाळला. १९०६ ते १९४० या काळात साधारण तीस लाख लोकांना तो झाला आणि एक लाखाच्या आसपास दगावले, असा अंदाज आहे. दगावणारे कोण? खंडाने कापूस पिकवणारे, सूतगिरण्यांच्या वसाहतीत राहणारे, वेड्यांच्या इस्पितळात आणि अनाथालयांत ठेवलेले. जेवण म्हणजे मक्याचं पीठ, डुकराच्या पाठीची नुसती चरबी आणि काकवी.

तेव्हाचं प्रतिष्ठित मत असं होतं की हा संसर्गजन्य रोग आहे. साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्ग भागात एका आयोगाने पाहणी करून अस्वच्छतेकडे बोट दाखवलं. चार्ल्स डेव्हनपोर्ट या सुप्रजननवाद्याने तर १९१६ मध्ये आनुवंशिकतेचा मुद्दा काढला. म्हणजे काय, तर गरीब लोक घाण तरी असतात किंवा त्यांचं रक्त तरी वाईट असतं.

१९१४ मध्ये सरकारी आरोग्य सेवेतल्या जोसेफ गोल्डबर्गरला तिकडे धाडलं गेलं. त्याने एक साधी गोष्ट पाहिली: इस्पितळात रोग्यांना पेलाग्रा होतो, पण त्यांच्यात दिवसरात्र वावरणाऱ्या नर्सना आणि नोकरांना होत नाही. मिसिसिपीतल्या अनाथालयांत त्याने दूध, अंडी, मांस, शेंगा सुरू केल्या, पेलाग्रा गेला. १९१५ मध्ये तुरुंगाच्या शेतावर माफीच्या बदल्यात तयार झालेल्या कैद्यांना दक्षिणेचा तो ‘गरिबीचा आहार’ दिला. काही महिन्यांत सहा जणांना रोगाची लक्षणं दिसली. तरी विरोधक ऐकेनात. मग १९१६ मध्ये त्याने, त्याच्या सहकाऱ्यांनी आणि त्याची बायको मेरी हिने रोग्यांचं रक्त टोचून घेतलं. पुरुषांनी तर त्यांची विष्ठा पिठात मळून गिळली. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांत गोष्ट इथे रंगते आणि बहुधा इथेच संपते. स्वतःवर प्रयोग करणारा धाडसी डॉक्टर, मठ्ठ विरोधक, शेवटी सत्याचा विजय. माझी दुसरी तक्रार या नायककथेबद्दल आहे, कारण तक्ता आणि नायककथा एकमेकींना पूरक आहेत. तक्ता म्हणतो, कारण एका रेणूत आहे. नायककथा म्हणते, उत्तर एका माणसात आहे. या दोघींच्या मधून गोल्डबर्गरचं सर्वांत महत्त्वाचं काम निसटून जातं.

ते काम त्याने एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाबरोबर केलं. १९१६ पासून त्यांनी साउथ कॅरोलायनातल्या सात गिरणी-वसाहतींत घरोघरी जाऊन नोंदी केल्या. कुटुंबाची मिळकत किती, पंधरवड्यात वाण्याकडून काय काय घेतलं, दारात गाय आहे का, परसात भाजी आहे का, आणि घरात पेलाग्रा कोणाला झाला. आकडे स्वच्छ बोलत होते. मिळकत जितकी कमी तितका रोग जास्त. पण त्याहून मोलाचं म्हणजे, मिळकत साधारण सारखी असलेल्या वसाहतींतही फरक पडत होता. आजूबाजूचे शेतकरी दूध, भाजी, मांस विकायला आणतात तिथे रोग नाही. चहूकडे फक्त कापूस आणि खरेदीला फक्त कंपनीचं दुकान, तिथे रोग भरपूर. हातात पैसे असूनही विकत घ्यायला दूधच नाही, अशी ती स्थिती.

बायकांमध्ये पेलाग्रा पुरुषांहून बराच जास्त होता. याचं एक कारण त्यांनी घरातल्या वाटणीत शोधलं: थोडं दूध-मांस असेल तर ते आधी कमावत्या पुरुषाला आणि पोरांना. हे वाचताना मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. सगळ्यांचं झाल्यावर, पातेल्यात उरेल त्यावर जेवणारी बाई आपल्या ओळखीची आहे.

म्हणजे १९२० पर्यंत, नायसिनचं नावही या रोगाशी जोडलं गेलं नव्हतं तेव्हा, पेलाग्राचं कारण छापून आलेलं होतं: कमी मजुरी, एकाच पिकाची शेती आणि दुकानदारीची मक्तेदारी. ते कोणाला नको होतं. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी दक्षिणेतल्या या संकटाबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली, तेव्हा तिथल्या राजकारण्यांनी मदत मागायच्या ऐवजी आमच्या प्रदेशाची बदनामी थांबवा, असा आरडाओरडा केला. कापूस तसाच राहिला. गंमत म्हणजे कपाशीच्या बोंडात अंडी घालणाऱ्या एका भुंगेऱ्याने जिथे जिथे पीक बुडवलं, तिथे शेतकऱ्यांना नाइलाजाने खायची पिकं घ्यावी लागली आणि पेलाग्राचे मृत्यू घटले, असं अलीकडे अर्थ-इतिहासकारांनी दाखवलं आहे. सरकारने केलं नाही ते किड्याने केलं.

गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारला. १९३७ मध्ये विस्कॉन्सिनच्या कॉनरॅड एल्व्हेम यांनी निकोटिनिक आम्लाने कुत्र्यांतला तसाच रोग बरा करून दाखवला, आणि तक्त्यातली ओळ पूर्ण झाली. ओळ पूर्ण झाल्यावर मजुरी आणि कापूस हे विषय पाठ्यपुस्तकातून गेले.

मुंबईच्या गिरण्या

हीच गोष्ट आपल्याकडेही घडली, आणि तिथेही सूतगिरणीच आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पांडुरोग होत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. विल्सने कामाला सुरुवात गोल्डबर्गरसारखीच केली: कोण काय खातं ते पाहिलं. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी उतारा सापडला तो यीस्टच्या अर्कात, मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थात. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. तो अज्ञात घटक म्हणजे फोलेट, जे पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं.

साउथ कॅरोलायना आणि मुंबई. दोन्हीकडे कापूस, दोन्हीकडे मजूर, दोन्हीकडे उतारा यीस्टचा. मिसिसिपीच्या १९२७ च्या पुरानंतर गोल्डबर्गरच्या सल्ल्याने रेडक्रॉसने पेलाग्रावर यीस्टच वाटलं होतं. आज गरोदर बाईला फोलिक आम्लाची गोळी मिळते त्याचं मूळ मुंबईतल्या त्या बायकांत आहे. गिरणगावाचा इतिहास आपण संपांसाठी, चाळींसाठी, लोकनाट्यासाठी आठवतो. जीवनसत्त्वांच्या इतिहासातही गिरणगाव आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकाने सांगायला हवं होतं.

पेलाग्राही दख्खनला परका नाही. ज्वारीवर जगणाऱ्या शेतमजुरांत तो दिसत असे. १९६० मध्ये हैदराबादच्या आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी मांडलं की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्यामुळे ट्रिप्टोफॅनचं नायसिन होण्यात अडथळा येतो. यावर पुढे बरीच चर्चा झाली, सगळ्यांनी ते मान्य केलं नाही. पण यातून ज्वारीला दोषी ठरवणं म्हणजे पुन्हा तक्त्याच्याच सापळ्यात पडणं. डाळीचं वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, ताकाचा पेला असेल तर भाकरी पेलाग्रा करत नाही. तीन वेळा नुसती भाकरी आणि मिरची असेल तर करू शकते. रोग ज्वारीत नसतो, ताटाच्या रिकाम्या भागात असतो.

तक्त्याची बाजू

एवढं झाल्यावर तक्त्याच्या बाजूने बोलायलाच हवं, नाहीतर ही समीक्षा एकतर्फी होईल. रेणू सापडला म्हणूनच तो स्वस्तात बनवता आला. १९४० च्या दशकात अमेरिकेत पीठ आणि पावात नायसिन, ब१, ब२ आणि लोह घालायला सुरुवात झाली, आणि ज्याने पिढ्यान्‌पिढ्या छळलं तो रोग पाहता पाहता दिसेनासा झाला. मजुरी वाढेपर्यंत, जमिनीची वाटणी नीट होईपर्यंत थांबा, असं मरणाऱ्या माणसाला सांगता येत नाही. आयोडिनच्या मिठाने किती मुलांची बुद्धी वाचवली, याचा विचार करा. ‘हे सगळं वरवरचं आहे’ असं म्हणणारी टीका मला आळशी वाटते.

पण गोळी आणि ताट यांतलं नातं उलटं होतं तेव्हा घोळ होतो. १९९० मध्ये मलावीत राहणाऱ्या मोझांबिकच्या निर्वासितांमध्ये अठरा हजारांच्या आसपास लोकांना पेलाग्रा झाला. नायसिनचा शोध लागून पन्नास वर्षं उलटली होती, पाठ्यपुस्तकात ओळ होती. तरी झाला, कारण शिध्यात मका होता आणि शेंगदाणे यायचे थांबले. ज्ञान कमी पडलं नव्हतं. शेंगदाणे कमी पडले होते.

आता महाराष्ट्रात या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पोषण महिन्याच्या भिंतीपत्रकांवर हाच तक्ता रंगवलेला असतो. रेशनवर लोह, फोलिक आम्ल आणि ब१२ घातलेला तांदूळ येऊ लागला. त्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ ला झाली. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण याच काळात दुसरं काय झालं पाहा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेतल्या जेवणात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. अंडं म्हणजे प्रथिनं, ट्रिप्टोफॅन, अ, ब१२, फोलेट, सगळं एका कवचात. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा स्वतंत्र निधी थांबवला, आणि हवं असेल तर लोकसहभागातून करा असं शाळांना सांगितलं. तक्त्याच्या नजरेने बघितलं तर यात काही विसंगती नाही: लोहाची चौकट तांदळाने भरली, ब१२ ची भरली, मग अंडं कशाला? ताटाच्या नजरेने बघितलं तर मुलाच्या पुढ्यातून एक पदार्थ उचलला गेला.

एकेक चौकट भरत जाण्यात शास्त्रीय अडचणही आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात गरोदर बायकांपैकी दोन तृतीयांश जणींमध्ये ब१२ कमी होतं, फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांमध्ये पुरेसं होतं. ज्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि ब१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिसाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यातून थेट कारण सिद्ध होत नाही. पण एक गोष्ट कळते: पेशीत ही दोन जीवनसत्त्वं एकाच साखळीत काम करतात. तक्त्यात त्यांच्यामध्ये रेघ असते, शरीरात नसते.

आणि आपण, परदेशातले? माझ्या क्षेत्रात सध्या एनएडी वाढवणाऱ्या गोळ्यांची चलती आहे. एनआर, एनएमएन अशी नावं. दोन्ही ब३ ची नातेवाईक. तारुण्य टिकवण्यासाठी म्हणून त्या महागड्या दराने विकल्या जातात. त्या घेतल्याने माणसाच्या रक्तात एनएडी वाढतं, हे दिसलं आहे. त्याने खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाचं म्हातारपण लांबतं, असा भरवशाचा पुरावा अजून नाही. एका शतकात हा रेणू कुठून कुठे आला! ज्यांना तो मिळत नव्हता ते अंगाची सालं निघून मेले, आणि ज्यांच्याकडे तो आधीच पुरेसा आहे ते आणखी विकत घेताहेत. गावी जाताना बॅगेत मल्टिव्हिटॅमिनच्या गमीजच्या बाटल्या कोंबणारे आपण सगळेच या बाजारात आहोत. आईला बाटली जरूर न्या, ब१२ खरंच कमी असेल तर तिला उपयोगही होईल. पण ती शेवटी जेवते का, दूध कोणाच्या पेल्यात ओतते, हेही एकदा बघा.

तक्ता फाडून टाका असं मी म्हणणार नाही. त्यात पाचवा रकाना घाला: ‘हे कोणाला मिळालं नाही, आणि का’. पेलाग्राच्या ओळीत तिथे लिहावं लागेल: एकच पीक, कमी मजुरी, कंपनीचं दुकान, मागे राहिलेली पाककृती. फोलेटच्या ओळीत: गिरणी. ब१२ च्या ओळीत काय लिहायचं यावर वर्गात भांडणं होतील. होऊ द्यात. ‘जोड्या लावा’पेक्षा ती भांडणं मुलांना पोषणाबद्दल जास्त शिकवतील.